हवे तितके जवळ

इमारतीचे उद्वाहन तिसऱ्या मजल्यावर थांबताना मजल्याच्या चौसष्ट सेंटिमीटर खाली थांबते, असा लेखी अर्ज मास्तरांनी केला. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. लिफ्ट म्हटले की दुरुस्तीला माणूस येतो आणि उद्वाहन म्हटले की निरीक्षक येतो, हे मास्तरांना तेव्हा ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेला माणूस. 'लिफ्ट बिघडली आहे, कृपया बघावे' असले मोघम वाक्य त्यांच्या हातून लिहून होणारच नव्हते. त्यांनी पट्टी घेतली, लिफ्टच्या तळापासून फरशीपर्यंतचे अंतर तीनदा मोजले, तिन्हींची सरासरी काढली आणि ती अर्जात लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झाले. कारण उद्वाहन निरीक्षण कार्यालयात दोषांचे दोन वर्ग होते. पहिला अमापित दोष, म्हणजे दार कुरकुरते, दिवा लागत नाही, कसला तरी आवाज येतो. अशा तक्रारीवर मेकॅनिक यायचा आणि अर्ध्या तासात काय ते करून जायचा. दुसरा वर्ग मापित दोषांचा, म्हणजे ज्याला आकडा चिकटलेला आहे असा. मापित दोष हाती लागला की कार्यालयात उत्साह पसरत असे, कारण आकड्याची प्रगती दाखवता येते. कुरकुरण्याची कशी दाखवणार?

तिसऱ्याच दिवशी निरीक्षक हजर झाले. एवढी तत्परता बघून मास्तर भारावून गेले. निरीक्षकांच्या एका हातात फाइल होती, दुसऱ्या हातात टेप, आणि मागे हत्यारांची पेटी घेतलेला मेकॅनिक. निरीक्षकांनी अंतर मोजले, चौसष्ट भरले, तेव्हा त्यांनी मास्तरांशी हस्तांदोलन केले.

"इतका अचूक तक्रारदार आम्हाला क्वचित मिळतो," ते म्हणाले.

मेकॅनिकने लिफ्टच्या वरच्या पेटीत हात घालून काहीतरी फिरवले. अंतर बत्तीसवर आले. निरीक्षकांनी ते फाइलमध्ये नोंदवले आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टचे दार आणि चौकट यांना जोडणारा एकेक कागद चिकटवला. कागदावर छापले होते: 'दोषनिवारण प्रगतिपथावर. दोष शून्य होईपर्यंत वापरास सक्त मनाई. जिना डाव्या हाताला आहे.'

"बाकीचं कधी?" मास्तरांनी विचारले.

"पंधरा दिवसांनी. प्रत्येक भेटीत उर्वरित दोषाच्या निम्मा दोष दूर करायचा, असा नियम आहे. तुमचं काम सुरू झालंय, आता काळजी सोडा."

मास्तरांनी काळजी सोडली. त्यांच्या बायकोने मात्र ती उचलून घेतली.

ही बाई तीस वर्षे शिवणाचा वर्ग चालवत होती. पेठेतल्या निम्म्या बायकांना कापड बेतायला तिने शिकवले. आता दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि हातात चार पायांचा वॉकर आला होता. घर ते रस्ता यांच्यामध्ये चोपन्न पायऱ्या होत्या. हा आकडा अर्थातच मास्तरांनी काढलेला. रस्त्याच्या पलीकडे, समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर, तिची थोरली बहीण राहायची. ताईला दमा; चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. म्हणजे एकीला उतरता येत नव्हते, दुसरीला चढता येत नव्हते, आणि मध्ये होता बारा पावलांचा रस्ता. रोज संध्याकाळी चार वाजता दोघी आपापल्या खिडकीत बसायच्या, फोन कानाला लावायच्या आणि एकमेकींकडे बघून बोलायच्या. शेजाऱ्यांनी एकदा तिला, म्हणजे त्यांच्या काकूंना, खुर्चीत बसवून खाली न्यायचा विचार मांडला होता. काकू म्हणाल्या, "मी काय सोफा आहे का? जिन्यात अडकले तर माझे पाय काढून न्याल." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

दुसऱ्या भेटीत अंतर सोळा झाले. तिसऱ्या भेटीत आठ. मास्तरांनी कॅलेंडरच्या पाठीवर आलेख काढायला घेतला. खरे सांगायचे तर त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. निवृत्तीनंतर दहा वर्षांत कोणी त्यांना साधे टक्केवारीचे गणितही विचारले नव्हते, आणि इथे घरासमोर, जिन्याच्या चौकात, सरकारी खर्चाने भूमिती श्रेढी चालली होती.

तिसऱ्या भेटीच्या वेळी काकू वॉकर टेकत दारात आल्या. मेकॅनिकला त्यांनी चहा दिला. चहा पोटात गेल्यावर माणूस खरे बोलतो, हा त्यांचा शिवणवर्गातला अनुभव.

"नक्की काय बिघडलंय रे हिचं?"

"काही नाही हो काकू. एक स्क्रू सरकलाय. चार आटे फिरवले की लिफ्ट बरोबर फरशीला लागते. सात मिनिटांचं काम."

"मग फिरव की."

मेकॅनिकने निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षक खाकरले.

"फिरवायला काही नाही, पण निम्मेच फिरवायची परवानगी आहे."

"स्क्रूचे राहू देत," काकू निरीक्षकांना म्हणाल्या, "तुमच्या कार्यालयाचेच आटे ढिले झालेत."

निरीक्षकांना राग आला नाही. हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारायचे. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की पूर्वी कार्यालय एका भेटीत काम संपवत असे. वर्षाअखेरीस आढावा झाला तेव्हा वरिष्ठांनी विचारले, कामे तर सगळी संपलेली दिसतात, मग एवढी माणसे कशाला? आणि निम्मा कर्मचारीवर्ग कमी झाला. तेव्हा नव्या संचालकांनी ही पद्धत आणली. आता दर पंधरवड्याला प्रत्येक कामात पन्नास टक्के प्रगती होते.

"आज आमच्याकडे एकही काम रखडलेलं नाही," ते अभिमानाने म्हणाले. "आणि एकही संपलेलं नाही."

दार लावून घेतल्यावर काकूंनी मास्तरांना गाठले. "तुम्ही गणितातले ना? मला एवढंच सांगा, हे शून्य कधी होणार?"

"सीमा शून्य आहे," मास्तर म्हणाले.

"मी 'कधी' विचारलं."

मास्तरांनी चष्मा पुसला. प्रश्न अवघड असला की ते चष्मा पुसत. "अगं, त्याचं असं आहे. आपण रोजच्या बोलण्यात मर्यादा म्हणतो ती कुंपणासारखी. माणूस तिथवर जातो, डोकं आपटतं, परत येतो. गणितातली सीमा वेगळी. तिच्या हवं तितकं जवळ जाता येतं. तिथे पोचलंच पाहिजे असं नाही."

"आणि कोणी पोचतच नसेल तर तिचं नाव कशाला घ्यायचं?"

"त्याशिवाय कुठे चाललोय ते कसं कळणार?"

"मला कुठे जायचंय ते मला कळतंय," काकू म्हणाल्या. "रस्त्याच्या पलीकडे."

चौथी भेट झाली, अंतर चार सेंटिमीटर. पाचवीत दोन. चार सेंटिमीटरची पायरी तर लहान मूलसुद्धा उतरेल, काकूही वॉकर धरून उतरल्या असत्या. पण दारावर कागद होता, कागदावर सक्त मनाई होती, आणि मास्तरांनी आयुष्यात कधी परीक्षेच्या हॉलमध्ये घंटेनंतर पेन हातात धरले नव्हते. बावीस बिऱ्हाडांचेही तसेच होते. पाचव्या मजल्यावरचा दूधवाला जड कॅन घेऊन धापा टाकत चढायचा, पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर काका कठड्याला धरून उतरायचे, आणि सगळेजण कागदासमोरून जाताना तो वाचायचे. रोजचाच कागद, पण वाचायचे.

मग एका संध्याकाळी चार वाजता ताईने फोनवर सांगितले की तिच्या मुलीने तिला कायमचे आपल्याकडे, दुसऱ्या गावी न्यायचे ठरवले आहे. घर विकले. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला सकाळी दहाला गाडी येणार.

काकू खिडकीत बसून राहिल्या. फोन ठेवला तरी हात कानाशीच होता. "आणि आता आपण दोघी म्हाताऱ्या," एवढेच त्या मास्तरांना म्हणाल्या. "परत कोण कोणाकडे येणार आहे? मला एकदा तिच्याजवळ बसायचंय. फोनवर नाही. तीस तारखेच्या आत काय ते करा."

मास्तरांनी फाइल काढली. तोवर त्यांनी कार्यालयाच्या आदेशाखालची संचालकांची सही नीट पाहिली नव्हती, ती आता पाहिली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. सहीचे शेवटचे अक्षर अर्धवट सोडलेले होते. अशी सही करणारा जगात एकच माणूस. 'पाऊण'!

पाऊण हा त्यांचा जुना विद्यार्थी. कोणतेही गणित तो तीन चतुर्थांश सोडवायचा आणि उरलेल्या जागेत फुली मारून पुढच्याला लागायचा, म्हणून वर्गाने त्याचे हे नाव ठेवले होते. सीमा शिकवताना हा मुलगा दर वेळी 'सीमा शून्य, म्हणजे किंमत शून्य' असे लिहायचा. मास्तरांनी एकदा चिडून त्याच्याकडून एकच वाक्य दोनशे वेळा लिहून घेतले होते. आणि हे वाक्य पाऊणने आयुष्यात पहिल्यांदाच पूर्णपणे, दोनशेच्या दोनशे वेळा लिहिले होते. मास्तरांना तेव्हा वाटले होते, चला, पालथ्या घड्यावर दोन थेंब तरी राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात गेले. इमारत नवी होती, म्हणजे जवळजवळ. जिन्याला शेवटची पायरी सोडून रंग दिलेला होता. दारावरच्या पाटीत 'कार्याल' इथपर्यंत अक्षरे बसली होती.

"संचालक आहेत का?" त्यांनी टेबलावरच्या कारकुनाला विचारले.

"येतच आहेत."

"कधी येतील?"

"जवळ आलेत," कारकून म्हणाला. पाऊण तासाने संचालक खरोखरच आले.

त्यांनी मास्तरांना पाहिले आणि वाकून नमस्कार केला; हात पायांपर्यंत पोचले नाहीत, पण भाव खरा होता. खोलीत नेले, स्वतःच्या खुर्चीत बसवले. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'सीमेच्या हवे तितके जवळ जावे; सीमा गाठण्याची सक्ती नाही.' खाली बारीक अक्षरांत, 'गुरुवर्यांचे वचन'.

"ओळखलंत का सर? तुमचंच वाक्य. अख्खं कार्यालय त्याच्यावर उभं आहे."

मास्तरांना क्षणभर, खोटे कशाला बोला, बरे वाटले. मग खिडकीतली बायको आठवली.

"अरे, तिची बहीण तीस तारखेला चालली आहे. तो स्क्रू एकदाचा पूर्ण फिरवायला सांग."

"निम्म्याहून जास्त दुरुस्ती म्हणजे अनधिकृत दुरुस्ती, सर. पण तुमच्यासाठी एक करू शकतो." संचालकांनी खणातून एक छापील कागद काढला. "हा 'इच्छित सामीप्य अर्ज'. लिफ्ट फरशीच्या किती जवळ हवी, तो आकडा तुम्ही लिहायचा. तुम्ही कितीही लहान आकडा लिहा, त्याहून जवळ आणून दाखवायची जबाबदारी आमची! आजवर एकही अर्जदार विन्मुख गेलेला नाही."

मास्तरांनी पेन काढले आणि चौकोनात स्वच्छ अक्षरात 'शून्य' लिहिले.

कारकुनाला बोलावण्यात आले. त्याने अर्ज उजेडात धरला, पाहिला आणि परत दिला. "आकडा शून्याहून मोठा हवा. मागे सूचना आहे. बाकी कितीही लहान चालेल."

"पण मला शून्यच हवंय!"

"सर," संचालक हळुवारपणे म्हणाले, "व्याख्येत तो आकडा शून्याहून मोठाच घ्यायचा असतो. तुम्हीच शिकवलंत."

"मग असं कर. दीड-दोन मिलिमीटर म्हणजे व्यवहारात शून्यच की. तसं धरून टाक आणि कागद काढ."

संचालकांचा चेहरा पडला. आपल्या गुरूच्या तोंडून असे काही ऐकावे लागेल, असे त्यांना वाटले नव्हते. "ह्याच वाक्यावर तुम्ही माझे चार मार्क कापले होते. जवळ जाणं वेगळं आणि असणं वेगळं, असं तुम्ही लाल शाईने लिहिलं होतंत. तो पेपर मी अजून जपून ठेवलाय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मास्तरांनी चौकोनात 'दोन मिलिमीटर' लिहिले, संचालकांनी त्यावर तातडीचा शिक्का मारला आणि पंधरवड्याच्या भेटी आठवड्यावर आणल्या. निरोप घेताना त्यांनी मास्तरांना दारापर्यंत सोडले, म्हणजे दाराच्या दोन पावले अलीकडेपर्यंत.

त्यानंतर कामाने जोर धरला. सहाव्या भेटीत एक सेंटिमीटर, सातवीत पाच मिलिमीटर, आठवीत अडीच. निरीक्षकांचा टेप आता उपयोगाचा राहिला नाही, म्हणून ते भिंग घेऊन फरशीवर पालथे पडून मोजू लागले. नवव्या भेटीत सव्वा मिलिमीटर भरले. भिंगातूनही नीट दिसेना. निरीक्षक अस्वस्थ झाले. दोष दिसत नसला तर तो निम्मा कसा करायचा? आता यापुढे सूक्ष्ममापन विभागाचे यंत्र लागणार होते, आणि ते यंत्र, त्यांच्या माहितीप्रमाणे, जवळपास आलेच होते.

"पण मास्तर, अभिनंदन!" ते कपडे झटकत म्हणाले. "आपलं उद्वाहन निन्याण्णव पूर्णांक आठ दशांश टक्के दोषमुक्त झालंय. तीस तारखेला सकाळी साडेनऊला संचालक स्वतः प्रशस्तिपत्र द्यायला येणार आहेत."

"तीस तारखेला?" आतून काकूंचा आवाज आला. "मग त्या दिवशी तरी चालू होणार का?"

"प्रशस्तिपत्र मिळणार," निरीक्षक म्हणाले.

तीस तारखेला तिसऱ्या मजल्यावरच्या चौकात बावीस बिऱ्हाडांतली माणसे जमली. संचालक जिना चढून आले, दम लागला म्हणून दोन मिनिटे कठड्याला टेकले आणि मग बोलायला उभे राहिले. मास्तरांना पुढच्या खुर्चीत बसवले होते. मांडीवर चौकटीतले प्रशस्तिपत्र होते आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर. दहाला दहा कमी होते.

"माणसाला मर्यादा असतात," संचालक सांगत होते, "असं आपण नेहमी म्हणतो. पण मर्यादेकडे भिंत म्हणून न बघता दिशा म्हणून बघायला मला ज्यांनी शिकवलं, ते आज इथे बसले आहेत. पूर्णत्व हा अहंकार आहे. आम्ही नम्र लोक आहोत. आम्ही जवळ जातो."

टाळ्या पडल्या. पेन्शनर काकांनी तर डोळे पुसले.

तेवढ्यात दार उघडले आणि वॉकरचा टकटक आवाज करत काकू बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतले कपडे, खांद्याला पिशवी. लोकांना वाटले, त्याही भाषण ऐकायला आल्या. दोघातिघांनी उठून खुर्ची दिली. त्या खुर्चीला वळसा घालून लिफ्टपाशी गेल्या.

"काकू, जवळजवळ झालंच आहे," संचालक लगबगीने म्हणाले.

"बाळा, मी तीस वर्षं लोकांना मापं घ्यायला शिकवली," काकू म्हणाल्या. "मापाबरहुकूम कापड कापलं तर ते अंगात जात नाही. चार बोटं माया सोडावी लागते. एवढ्या मोठ्या कार्यालयात सव्वा मिलिमीटरची माया नाही कोणाकडे? तुमच्या सीमेचं काय असेल ते असो. माझ्या सोसण्याची होती, ती मी गाठली. बाजूला व्हा."

त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. कागद फाडावा लागला नाही. त्याचा गोंद कधीच वाळला होता. दार हलल्याबरोबर तो सुटला आणि हेलकावे खात फरशीवर पडला. साडेतीन महिने बावीस बिऱ्हाडे ज्याच्यासमोरून जिना चढत होती, तो कागद नुसता टेकलेला होता.

कोणीही लिफ्टकडे बघत नव्हते. सगळे कागदाकडे बघत होते.

काकू आत गेल्या, वळल्या आणि दार हाताने धरून ठेवले. "येताय?"

मास्तर उठले. एक पाऊल पुढे टाकले. मग त्यांनी खाली पडलेल्या कागदाकडे पाहिले, संचालकांकडे पाहिले, आणि दुसरे पाऊल टाकण्याआधी, सवयीने, अर्ध्यावर थांबले. काकूंनी सावकाश तीनपर्यंत वाट पाहिली आणि दार सोडले. लिफ्ट खाली गेली. तिचा आवाजसुद्धा आला नाही.

मनगटावरच्या घड्याळात दहा वाजले, तेव्हा कुठे मास्तरांना जाग आली. ते जिन्याकडे धावले. सत्तरीचा माणूस, मांडीवरचे प्रशस्तिपत्र काखेत तसेच, चोपन्न पायऱ्या. पहिल्या मजल्यावर त्यांची चप्पल निसटली, ती घ्यायला ते चार पायऱ्या परत चढले. खाली पोचले तेव्हा घड्याळात दहा वाजून तीन मिनिटे झाली होती आणि गाडी कोपऱ्यावरून वळत होती. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला दिसला. मास्तरांनी हात हलवला. गाडी दिसेनाशी झाली.

काकू समोरच्या इमारतीच्या ओट्यावर बसल्या होत्या. चेहरा रडून धुतल्यासारखा स्वच्छ झाला होता.

"भेटलात?" मास्तरांनी धापा टाकत विचारले.

"भेटलो. पाच मिनिटं हात धरून बसलो. काही बोललोच नाही फारसं, बोलणं सगळं फोनवर झालेलं. माझ्या कॉलरवरचा धागा तिने दाताने तोडला. लहानपणी तोडायची तसा." त्यांनी कॉलर चाचपली. "तुमची वाट बघत होती. म्हणाली, भावजी कुठे राहिले?"

मास्तर ओट्यावर तिच्या शेजारी बसले.

"किती लांब राहिला होतात?" काकूंनी विचारले.

मास्तरांनी सवयीने कोपऱ्याकडे पाहून अंदाज घेतला. "वीस मीटर असेल."

"म्हणजे तुम्हाला हवं तितकं जवळ आलात," काकू म्हणाल्या, आणि वॉकरला धरून उठल्या. मास्तरांनी या वेळी चष्मा काढला तो पुसायला नव्हे.

वर तोवर चौकात प्रस्ताव मांडून झाला होता. काकूंच्या धैर्याचे एकमताने कौतुक करण्यात आले. त्यानंतर पेन्शनर काकांनी घरून गोंदाची बाटली आणली, दूधवाल्याने कागद सपाट धरला, संचालकांनी कडा तपासल्या, आणि कागद एकमताने पुन्हा दारावर चिकटवण्यात आला. गोंद वाळायच्या आत लिफ्ट वर आली, दार आतून ढकलले गेले आणि कागदाचे दोन तुकडे झाले. दारात काकू उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, डोळे घट्ट मिटून, मास्तर.

"सर, तुम्हीसुद्धा?" संचालक म्हणाले.

प्रकरण अर्थातच इथे थांबले नाही. दोष शिल्लक असताना वापर झाला, तेव्हा आधीची सगळी प्रगती रद्द ठरली. काम पहिल्यापासून सुरू करण्यासाठी दोष मूळ स्थितीत, म्हणजे चौसष्ट सेंटिमीटरवर, आणून ठेवण्याचा आदेश निघाला. बिघाड करताना निम्म्याची अट नव्हती. मेकॅनिकला पहिल्यांदाच स्क्रू हवा तितका फिरवण्याची पूर्ण परवानगी मिळाली. तो आला, काकूंचा चहा प्याला, पेटीत हात घातला, आणि इतकी वर्षे निम्मेच फिरवायची सवय असल्यामुळे त्याची दिशा चुकली, असे त्याने पुढे लेखी खुलाशात म्हटले आहे. लिफ्ट फरशीला लागली. बोट फिरवले तरी सांधा कळत नाही. सूक्ष्ममापन विभागाचे यंत्र आल्यावर याची अधिकृत नोंद होईल. तोवर नवे कागद लावले आहेत.

काकू रोज संध्याकाळी खाली जातात आणि ओट्यावर बसून ताईला फोन करतात. मास्तर बरोबर असतात. आता डोळे उघडे ठेवून जातात. बाकीची एकवीस बिऱ्हाडे जिना चढतात आणि चढता चढता एकमेकांना ही गोष्ट सांगून पोट धरून हसतात. आलेल्या पाहुण्यांनाही सांगतात, पाहुणेही हसतात. हसून झाले की प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो: "सगळं खरं, पण कागद काढायला त्यांनी परवानगी कोणाची घेतली होती?"

हा प्रश्न तुमच्याही मनात केव्हाचा घोळत असेल, तर संकोच करू नका. जिना डाव्या हाताला आहे.